पुढच्या चिमट्याची घरगुती दुरुस्ती

यंत्र जन्मात एकदाच बिघडतं. त्यानंतर ते दुरुस्त होत असतं. पहिल्या कामाला यंत्र एकटं पुरतं. दुसऱ्याला गाव लागतं.

सौंदड स्टेशनपासून दोन कोसांवर चिखलटोला नावाचं आमचं गाव आहे. लोकसंख्या चारशे बारा, तलाव एक, शाळा एक, शिक्षक एक (प्रस्तुत लेखक) आणि मोटरसायकल एक. ही मोटरसायकल देवचंदभाऊ डोंगरवार यांची. लढाई संपल्यावर बिरसीच्या विमानतळावरचं पलटणीचं सामान लिलावात निघालं, तेव्हा देवचंदभाऊ नांगरासाठी लोखंड मिळतं का ते पाहायला गेले आणि मोटरसायकल घेऊन आले. पहिल्या दिवशी ती बैलगाडीत बसून गावात आली. पुढेही ती अधूनमधून बैलगाडीतूनच येई. पण बऱ्याचदा ती स्वतः चालत असे, हे कबूल केलं पाहिजे.

सन १९५२ च्या मार्गशीर्षात तिचा पुढचा चिमटा गळू लागला. चिमटा म्हणजे पुढचं चाक धरून ठेवणाऱ्या दोन नळ्या. प्रत्येक नळीत एक स्प्रिंग आणि थोडं तेल असतं. खड्डा आला की नळी आत दबते, तेल तिला सावकाश परत येऊ देतं, आणि बसणाऱ्याचे दात जागच्या जागी राहतात. तेल गळून गेलं की उरते नुसती स्प्रिंग. मग मोटरसायकल रस्त्यानं नव्हे, रस्त्यावरून उड्या मारत जाते.

एरवी देवचंदभाऊंनी उड्या सहन केल्या असत्या. पण त्या वर्षी कारण घडलं होतं. त्यांची थोरली मुलगी चंद्रकांता सातवी पास झालेली, म्हणजे आमच्या गावातली पहिलीच. तिनं नर्सबाईच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता (अर्ज तिचा, अक्षर तिचं, मी फक्त टाक दिला होता). सहा जानेवारीला सकाळी अकरा वाजता गोंदियात मुलाखत होती. जागा दोन, उमेदवार चाळीस, आणि वेळेवर हजर नसणाऱ्याचं नाव कमी करण्यात येईल, असं पत्रात स्वच्छ छापलेलं होतं. इकडे देवचंदभाऊंचे चुलते पुनारामकाका यांनी अर्जुनीकडचा एक मुलगा पाहून ठेवला होता. मुलाखत हुकली तर फाल्गुनात लग्न, असं त्यांनी सगळ्यांना प्रेमानं सांगून ठेवलं होतं.

देवचंदभाऊंनी मात्र एकच गोष्ट मनाशी बांधली होती. ते मला म्हणाले, “गुर्जी, ह्या पोरीले मी तलावाच्या पाळीवर खांद्यावर घेऊन फिरवलो. आता गोंदियाच्या फाटकापावतो मीच नेऊन सोडीन. फटफटीवर.”



गोंदियात मुन्नालाल नावाचा मिस्त्री होता. त्याच्याकडे हे काम अर्ध्या तासाचं होतं, असं पुढे कळलं. पण पुनारामकाकांनी ओसरीवर बसून मुद्दा काढला की, ज्या घराण्यानं शंभर एकराला पुरेल एवढं पाणी पिढ्यान्‌पिढ्या अडवून दाखवलं, त्या घराण्याला दोन नळ्यांतलं पावशेर तेल अडवायला गोंदियाचा माणूस लागावा काय? तलावातलं पाणी सोडायचं दार, म्हणजे तुडूम, स्वतः काकांच्या ताब्यात होतं. त्यातून एक थेंब त्यांच्या परवानगीवाचून जात नसे. सबब काम घरीच करायचं ठरलं.

रेल्वेनं गेलं तर काय हरकत आहे, हा प्रश्न सभेत उपस्थित झाला नाही. तो ज्यांच्या मनात आला होता त्या दोघी, देवचंदभाऊंच्या पत्नी सुभद्राबाई आणि चंद्रकांता, आत सभेसाठी चहा करत होत्या.

वीस डिसेंबरला कामाला आरंभ झाला. मोटरसायकलचं पुढचं अंग उचलून धरणं आवश्यक असल्यामुळे सुभद्राबाईंचं उखळ इंजिनाखाली देण्यात आलं. (पुढचे तेरा दिवस घरात कांडण बंद होतं. शेजारणींनी उखळ वापरू दिलं, पण कारण पुन्हा पुन्हा सांगायला लावून.) हँडल दोरानं छताच्या आडव्या तुळईला, म्हणजे मयालीला बांधलं. मयाल हलली आणि चार कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, खाली आले. त्यातले दोन काकांच्या अगदी जवळ पडले. काकांनी हा शुभशकुन मानला.

चाक निघाल्यावर एक विलक्षण गोष्ट दिसून आली. चाक जागेवर होतं तोवर चिमट्याची माहिती असलेले इसम गावात शून्य होते. चाक निघाल्यावर तासाभरात मी मोजले, ते सत्तावीस भरले. त्यांतून एक समिती आपोआप तयार झाली. पुनारामकाका अध्यक्ष, बकाराम सुतार, कारण त्यांच्याकडे पटाशी होती, उदाराम, कारण ते एकदा नागपूरला गेले होते, आणि मी, कारण पलटणीचं पुस्तक इंग्रजीत होतं.

या पुस्तकाविषयी थोडं स्पष्टीकरण देणं भाग आहे. मोटरसायकलीसोबत ते फुकट आलं होतं. त्यात चिमट्यावर तीन पानं होती. त्यांत एका भागाला ‘डॅम्पर’ असं नाव दिलं होतं. डॅम्प म्हणजे ओलं. त्यावरून डॅम्पर म्हणजे ओलं ठेवायचा भाग, असा अर्थ मी लावला. (मॅट्रिकला इंग्रजीत मला बासष्ट गुण होते.) समितीनं तो भाग ताबडतोब तलावाच्या पाण्यात भिजत घातला. दोन दिवसांनी बाहेर काढला तेव्हा त्याला सुंदर तांबूस रंग आला होता. उदाराम म्हणाले, नागपूरला असाच असते.

नळ्या उघडल्या. सुभद्राबाईंनी बाहेर येईल तसा एकेक भाग सुपात ओळीनं मांडला होता; पहिला निघालेला डावीकडे, शेवटचा उजवीकडे. त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं. संध्याकाळी काका आले, सूप पाहिलं, आणि म्हणाले, “हे काऊन असं विस्कटून ठेवलं?” आणि त्यांनी सगळे भाग आकारानुसार लावून दिले. मोठे एकीकडे, बारीक एकीकडे. सूप फारच नीटनेटकं दिसू लागलं.

“आता कोनता कुठचा, कसा समजन?” सुभद्राबाईंनी विचारलं.

“पोरी, मोठा मोठ्यात जाते, बारीक बारकात,” काका म्हणाले. “जगाची रीत आहे.”

तेल गळू नये म्हणून नळीच्या तोंडाशी एक वायसर असतो, तो फाटला होता. त्याऐवजी बकारामांनी जुन्या वहाणेचं कातडं गोल कापून बसवलं. ते काम खरोखर चांगलं झालं होतं. मी उपरोधानं म्हणत नाही. बकारामांचा हात बारीक होता, आणि त्या वायसरातून पुढे कधीही तेल गळलं नाही. आता प्रश्न राहिला तेलाचा. या विषयावर चार बैठका झाल्या. सारांश असा:

जवसाचं तेल. बकारामांचा विरोध. ते लाकडाला लावतात, वाळून कातडी धरते.

एरंडेल. उदारामांची सूचना. काकांनी ती फेटाळली. “आधीच गळून रायली. त्यात एरंडेल पाजता?”

तिळाचं. देवाचं असल्यामुळे चर्चा झाली नाही.

इंजिनाचं तेल. सौंदडच्या धानगिरणीचं इंजिन चालवणारे चुन्नीलाल यांनी बाटलीभर स्वतः आणून दिलं. समितीनं त्यांचे आभार मानले आणि बाटली परत केली. कारण असं की, गिरणीचं इंजिन एका जागी उभं असतं आणि मोटरसायकल धावते. उभ्याचं तेल धावत्याला चालेल कसं? चुन्नीलाल सायकलवर बसून निघाले ते वळूनही न पाहता गेले. (समितीत अशी माणसं टिकत नाहीत.)

शेवटी मोहाच्या बियांचं तेल एकमतानं मंजूर झालं. ते इथलं, घरचं, दिव्याला चालतं, अंगाला चालतं, पुऱ्या तळायलाही चालतं; चिमट्याला न चालण्याचं काही कारण कुणाला सुचलं नाही. एकाच व्यक्तीला सुचलं, पण ती समितीची सभासद नव्हती. गाडग्यातलं तेल थंडीनं लोण्यासारखं घट्ट झालं होतं, ते सुभद्राबाईंना चुलीवर पातळ करायला दिलं होतं. पातळ झालेलं तेल ओसरीवर आणून ठेवताना त्या म्हणाल्या, “हे तं गोठते. नळीत गोठन नाई का?”

मग काकांनी समजावून सांगितलं, “नळी वरून बंद, खालून बंद. थंडी जाईल कुठून?”

हे सर्वांना पटलं. मलाही पटलं, हे मी लपवत नाही.

दोन जानेवारीला मोटरसायकल उखळावरून उतरली. काढलेले भाग चौतीस, बसवलेले एकतीस. उरलेले तीन भाग समितीनं नीट तपासले आणि ते कारखान्यात चुकून जास्त पडले असावेत, असा निष्कर्ष काढला. भर दुपारच्या उन्हात चाचणी घेतली. काकांनी हँडलवर भार दिला. नळ्या मऊ दबल्या, मऊ वर आल्या. देवचंदभाऊ तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, एक फेरी मारून आले. उतरले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वारं लागलं, असं ते म्हणाले.

पौषातली सहा तारखेची पहाट. तलावावर धुकं इतकं की पाणी कुठे संपतं आणि धुरा, म्हणजे शेताचा बांध, कुठे सुरू होतो कळेना. चंद्रकांता निळं लुगडं नेसून, कागदपत्रं कापडात गुंडाळून मागे बसली. देवचंदभाऊंनी कानटोपी घातली होती. समिती पूर्ण हजर होती. मोटरसायकल चौथ्या लाथेला सुरू झाली आणि टाळ्या पडल्या.

सुभद्राबाई टाळ्या वाजवायला नव्हत्या. त्या गोठ्यात बैल जुंपत होत्या. आमच्याकडे खासर म्हणतात ती हलकी दोन बैलांची गाडी असते. शर्यतीला तीच लागते. “कायले जुंपता?” मी विचारलं. “असंच,” त्या म्हणाल्या, आणि मला बसायला जागा करून दिली. मी बसलो. का बसलो हे अजून सांगता येत नाही; बहुधा समितीतून बाहेर पडण्याची मला तेवढीच एक वाट दिसली.

पुढे काय झालं ते चंद्रकांतेनं नंतर सांगितलं. पाळीवर पहिला खड्डा आला. चिमटा दबला नाही. दुसरा आला. दबला नाही. नळ्यांच्या आत तेलाचं दगड झालं होतं आणि मोटरसायकलीला पुढे दोन पहारी बसवल्यासारखं वाटत होतं. प्रत्येक खड्डा देवचंदभाऊंच्या मनगटातून खांद्यात आणि खांद्यातून चंद्रकांतेच्या कपाळात जात होता. “बाबा, हळू,” ती म्हणाली. “हळूच जाऊन रायलो ना,” ते म्हणाले, आणि ते खरं होतं. पाळ संपते तिथे पावसाळ्यात पाण्यानं कापलेली एक घळ आहे. पुढचं चाक त्या घळीत शिरलं, चिमट्यानं काहीच सोसलं नाही, आणि बापलेक दोघेही लाखोरीच्या शेतात जाऊन पडले.

लाखोरी दाट होती आणि दंवानं ओली होती, म्हणून हाडं वाचली. आमची खासर पोचली तेव्हा चंद्रकांता उभी राहून लुगड्याचा चिखल झाडत होती आणि देवचंदभाऊ मोटरसायकलशेजारी खालीच बसले होते. चाक अजून फिरत होतं. त्यांनी हातानं ते थांबवलं.

“मले वाटलं होतं,” ते म्हणाले, आणि कानटोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, “तुले एकदा तरी नीट पोचवीन असं वाटलं होतं गा माय. पन मीच पाडलो तुले.”

चंद्रकांतेनं कापडाची गुंडाळी उचलली, आत कागद कोरडे आहेत का पाहिलं. मग म्हणाली, “पोचवा ना मग. बसा गाडीत.”

“आन फटफटी?”

“तिले कोन नेते बाबा? ते तं कोनालेच चालवता येत नाई.”

देवचंदभाऊ उठले. त्या मोटरसायकलीला त्यांनी इतक्या वर्षांत कधी उघड्यावर सोडलं नव्हतं. पावसात स्वतः भिजून तिच्यावर घोंगडी टाकणारा माणूस तो. तिला लाखोरीत तशीच आडवी टाकून ते खासरीत येऊन बसले आणि मुलीच्या बाजूला सरकले. सुभद्राबाईंनी बैलांच्या शेपट्या पिळल्या. इतकी वेगात गेलेली खासर मी शर्यतीतही पाहिलेली नाही, आणि त्यात शिक्षक बसल्याचं तर उदाहरणच नाही.

छोट्या लाईनची, म्हणजे नॅरोगेजची, गाडी सौंदडला आमच्या आधी येऊन उभी होती. ड्रायव्हर खाली उतरून ओळखीच्या माणसाशी बोलत होता, म्हणून ती मिळाली. बापलेक डब्यात चढले. सुभद्राबाई फलाटावर उभ्या राहिल्या आणि गाडी हलल्यावर एवढंच ओरडल्या, “कपाराले टेंगूळ आलं, पदर घे पुढं!”

मुलाखत घ्यायला एक डॉक्टरीणबाई आणि दोन साहेब होते. डॉक्टरीणबाईंनी टेंगळाकडे पाहून विचारलं, “हे काय?” चंद्रकांतेनं सगळं खरं सांगितलं, उखळ, वहाणेचा वायसर, मोहाचं तेल, सगळं. साहेब हसू लागले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “उद्या तू खेड्यात बाळंतपणाला गेलीस, आणि घरच्या लोकांनी अशीच आपापली औषधं घालायला सुरुवात केली, तर काय करशील?”

“पयले त्याहिले सगळ्याहिले चहा करायले बसवीन,” चंद्रकांता म्हणाली.

चाळिसांतून दोन घेतल्या, त्यांत तिचं नाव पहिलं होतं. अर्जुनीच्या मुलाचं फाल्गुनात दुसरीकडे जमलं. पुनारामकाका त्या लग्नालाही गेले आणि जेवण चांगलं होतं असं सांगत आले.

गोंदियाहून परत निघण्याआधी देवचंदभाऊ मुन्नालाल मिस्त्रीकडे जाऊन आले होते. मुन्नालालनं एकच प्रश्न विचारला, “तेल कौन सा डाला?” उत्तर ऐकून तो पाना खाली ठेवून बसला. “भैया, वो ठंड में पत्थर हो जाता है. निकालो, इंजन का तेल डालो. आधे घंटे का काम है.” देवचंदभाऊंनी हे जसंच्या तसं ओसरीवर सांगितलं. समितीनं त्यावर साधकबाधक विचार केला आणि असं ठरवलं की, बाहेरच्या माणसानं यंत्र डोळ्यांनी न पाहता दिलेलं मत ग्राह्य धरता येत नाही. मोटरसायकल खासरीतून घरी आणून झाकून ठेवण्यात आली. चिमटा नवा आहे, त्याला बसायला वेळ द्या, असं काका म्हणाले.

आणि फाल्गुनात चिमटा बसला. होळीच्या सुमारास देवचंदभाऊंनी सहज हँडलवर हात ठेवला तर नळ्या मऊ दबल्या, मऊ वर आल्या. कुणी हात लावला नव्हता. उन्हाळाभर मोटरसायकल अशी चालली की तिच्यावर बसून माणसानं चहा प्यावा. समितीच्या कीर्तीला पारावार राहिला नाही. चिचगडकडून एक गृहस्थ आपली मोटरसायकल बैलगाडीत घालून घेऊन आले. पुढच्या पौषात चिमटा पुन्हा दगड झाला, तेव्हा वार्षिक सर्व्हिसिंगची वेळ झाली असा त्याचा सरळ अर्थ लावण्यात आला. आता दरवर्षी पौषात सत्तावीस माणसं जमतात आणि तेल बदलतात. बदलून तेच घालतात.

चंद्रकांता सुट्टीला येते तेव्हा ओसरीवरून जाताना हसते. एकदा तिनं वडिलांना बाजूला घेऊन विचारलं, “बाबा, तुमाले समजते ना, काऊन गोठते ते?”

“समजते,” देवचंदभाऊ म्हणाले. “पन पौषात घरी कोनी येत नाई गा माय. आता तू बी नसते.”

हा वृत्तांत मी आजवर अनेक सुशिक्षित लोकांना वाचून दाखवला. मुन्नालालचं म्हणणं त्यांना मान्य असतं, सुभद्राबाईंचं कौतुक असतं, समितीला ते पोट धरून हसतात. मग हसू ओसरलं की त्यांतला प्रत्येक जण माझ्याकडे झुकून म्हणतो, “ते ठीक आहे मास्तर, पण त्यांनी खरं म्हणजे...” आणि तेल सुचवतो. आपणही तेलांची यादी वाचताना मनात एक निवडून ठेवलं होतं, याची मला खात्री आहे. आपण मोटरसायकल चालवता का, असं मी विचारणार नाही. आमच्यातही देवचंदभाऊ सोडले तर कोणी चालवत नव्हतं.